दोन्ही रिपोर्ट बरोबर

दोन्ही रिपोर्ट बरोबर होते, वडिलांचा आणि मुलीचा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे वाचताना प्रत्येकाला वाटणार की कुठेतरी ट्यूब बदलली असेल, लेबल चुकलं असेल. आम्हालाही तसंच वाटलं होतं. खरं तर तसंच निघावं अशी माझी इच्छा होती, आणि लॅबमधल्या माणसाने अशी इच्छा धरणं हे किती उलटं आहे ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा. (ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. विज्ञानाचे बदललेले नाहीत.)

मी पुण्यातल्या एका खासगी लॅबचा मॉलिक्युलर विभाग सांभाळते. लॅब म्हटलं की लोकांना शुगर, थायरॉइड आणि उपाशीपोटी लागलेली रांग आठवते. आमचा विभाग मागच्या अंगाला, दोन बंद दारांपलीकडे. तिथे माणसं येत नाहीत, त्यांच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूब येतात. बाहेरच्याला सांगून पटत नाही, पण आमचं निम्मं काम म्हणजे एका खोलीतली हवा दुसऱ्या खोलीत जाऊ न देणं. पीसीआरमध्ये डीएनएच्या एका तुकड्याच्या अब्जावधी प्रती तयार होतात. कालच्या प्रती आजच्या ट्यूबमध्ये उडाल्या तर आजचा रुग्ण कालच्या रुग्णाचा रिपोर्ट घेऊन घरी जाईल. म्हणून नमुने तयार करायची खोली वेगळी, प्रती काढायची वेगळी, दोन्हीकडचे कोट वेगळे, पिपेट वेगळे. प्रतींच्या खोलीतून कुणी तसाच उलटा चालत आला तर मी सगळ्यांदेखत ओरडते. माझी या इमारतीतली ख्याती तेवढ्यावरच आहे.

एपीओई या जनुकाची चाचणी आमच्याकडे पूर्वी क्वचित यायची. बहुतेक वेळा कुठल्यातरी भल्यामोठ्या हेल्थ चेकअपच्या यादीत कुणीतरी खूण केली म्हणून. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने लेकानेमॅबला पूर्ण मान्यता दिली आणि त्यानंतर न्यूरोलॉजिस्टांच्या चिठ्ठ्या यायला लागल्या. ‘अल्झायमरवर औषध सापडलं’ असे मथळे आपल्या पेपरांनीही छापले. सापडलं ते असं आहे: मेंदूत साठलेल्या अमायलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी, दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यायची. १,७९५ रुग्णांच्या चाचणीत १८ महिन्यांनी आजार मोजायच्या १८ गुणांच्या पट्टीवर औषधवाले आणि बिनऔषधवाले यांच्यात ०.४५ गुणाचा फरक पडला. म्हणजे घसरण २७ टक्क्यांनी हळू झाली. थांबली नाही, गेलेलं परत आलं नाही. मी या औषधाची चेष्टा करत नाही. तीस वर्षं एकामागून एक रेणू आपटल्यावर हाताला लागलेली ही पहिली ठोस गोष्ट आहे. पण मथळा वाचून ट्यूब पाठवणाऱ्या मुलांच्या मनात २७ हा आकडा नसतो.

आणि त्यांच्या मनात एपीओईसुद्धा नसतं. ते आमच्याकडे येतं ते औषधाच्या धोक्यामुळे. अमायलॉइड फक्त पेशींच्या मधे साठत नाही, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही साठतं. अँटिबॉडी ते उपसायला लागली की त्या भिंती झिरपतात. मेंदूला सूज येते, कधी बारीक रक्तस्राव होतो. बहुतेकांना ते जाणवतही नाही, एमआरआयवरच दिसतं. काहींना मात्र झटके येतात, आणि मोजक्या लोकांचा जीव गेला आहे. हा धोका कुणाला किती, हे बऱ्याच अंशी याच जनुकाच्या ई४ या प्रकारावर ठरतं. त्याच चाचणीत ज्यांच्याकडे ई४ नव्हतं त्यांच्यापैकी ५.४ टक्क्यांना सूज आली, एक प्रत असणाऱ्यांत १०.९ टक्क्यांना, आणि दोन्ही प्रती ई४ असणाऱ्यांत ३२.६ टक्क्यांना. म्हणून अमेरिकेत हे औषध सुरू करण्याआधी एपीओईची चाचणी करायला सांगतात. युरोपात आणि ब्रिटनमध्ये तर दोन प्रतीवाल्यांसाठी त्याला परवानगीच नाही.

ई४ म्हणजे काय, हे दोन परिच्छेदांत सांगते, कारण पुढची सगळी भानगड त्यावरच उभी आहे.

एपीओई जनुकावरून बनतं ते त्याच नावाचं, २९९ अमिनो आम्लांचं प्रथिन. मेंदूत ते मुख्यतः ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी बनवतात आणि त्याचं काम चरबीची ने-आण. त्याचे तीन प्रचलित प्रकार आहेत: ई२, ई३, ई४. फरक फक्त दोन जागांवर, ११२ आणि १५८. सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या ई३ मध्ये ११२ व्या जागी सिस्टीन असतं, ई४ मध्ये आर्जिनिन. डीएनएच्या भाषेत तिथे टी ऐवजी सी आलेला असतो. एक अक्षर. एवढ्याने प्रथिनाची घडी बदलते, अमायलॉइडचा निचरा मंदावतो, आणि वाहिन्यांच्या भिंतींत ते जास्त साठतं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस यांच्या गटाने ई४ चा आणि उतारवयातल्या अल्झायमरचा संबंध दाखवला, तेव्हा चरबी वाहणाऱ्या प्रथिनाचा स्मृतिभ्रंशाशी काय संबंध म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. आज एक प्रत असेल तर धोका साधारण तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट असं सांगतात. आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले.

प्रत्येकाकडे दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यामुळे एखाद्याचा रिपोर्ट ई४/ई४ आला की त्याच्या मुलांबद्दल एक गोष्ट त्यांची ट्यूब न उघडता कळते. प्रत्येक मुलाकडे किमान एक ई४ असणारच. वडिलांकडे द्यायला दुसरं काही नसतंच. आमच्या रिपोर्टच्या खाली टिपेत हे वाक्य छापलेलं असतं. मीच घातलं आहे.

तर वडील. साठी उलटलेले, निवृत्त, विसरायला लागलेले पण अजून स्वतः सही करणारे, स्वतः दूध आणणारे. अमायलॉइड पेट स्कॅन पॉझिटिव्ह, म्हणजे मेंदूत अमायलॉइड साठलेलं. मुलगा न्यू जर्सीत. त्याचा बेत बाबांना तिकडे नेऊन औषध सुरू करायचा होता. वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर नुसत्या औषधाची छापील किंमत, एमआरआय वेगळे, विम्याचा पत्ता नाही. तरी त्याने गणित बसवलं होतं. तिकडच्या डॉक्टरने आधी एपीओई मागितलं, इथल्या न्यूरोलॉजिस्टने ट्यूब आमच्याकडे पाठवली, आणि उत्तर आलं ई४/ई४. जगभरात असे लोक दोनेक टक्के, आपल्याकडे त्याहूनही कमी. तीनातल्या एकाला मेंदूची सूज हे ऐकून बेत रद्द झाला. माझ्या लेखी ही केस तिथे संपली होती.

मग मुलगी आली. पुण्यातच राहणारी, पस्तिशीच्या आसपासची, रोज संध्याकाळी आईवडिलांकडे जाऊन औषधांची डबी भरणारी. असं काम करणारी एक व्यक्ती प्रत्येक घरात असते आणि तिच्या नावाने कुठलीच फाइल नसते. आमच्याकडे ठरावीक दिवशी एक जेनेटिक काउन्सेलर येते. निरोगी माणसाला अशी चाचणी करायची असेल तर आधी तिच्याशी बोलावं लागतं, हा माझा नियम. त्यावरून मार्केटिंगवाले माझ्यावर कायम नाराज असतात. काउन्सेलरने मला मुद्दाम बोलावून घेतलं, कारण मुलीने मोबाइलवर वडिलांचा रिपोर्ट उघडून समोर ठेवला होता.

“एक तर आहेच ना मॅडम,” ती म्हणाली. “बाबांचे दोन्ही तेच आहेत, म्हणजे त्यातलं एक मला आलंच. आईकडून काय आलंय तेवढंच बघायचंय.”

मेंडेलचं इतकं स्वच्छ गणित कुणी आमच्या टेबलावर मांडल्याचं मला आठवत नाही. टीप वाचणारी माणसं असतात तर. काउन्सेलरने तिला नेहमीचं सगळं सांगितलं: हे जनुक म्हणजे आजार नव्हे, ई४ असूनही कित्येक जण नव्वदीत शब्दकोडी सोडवतात, ई४ नसूनही अल्झायमर होतो, आणि कळलं तरी निरोगी माणसाने आज सुरू करावं असं कुठलंही औषध नाही. मग कशाला करतेस?

“कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकले तरी छातीत धस्स होतं. नुसतं घाबरण्यापेक्षा किती घाबरायचं ते तरी कळेल.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मला ते मूर्खपणाचंही वाटलं नाही. तिने संमतिपत्रावर सही केली. त्या पत्रात खालून तिसऱ्या ओळीत, इंग्रजीत, बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की या चाचणीतून कौटुंबिक नात्यांविषयी अनपेक्षित माहिती उघड होऊ शकते. ती ओळ सगळे सही करतात आणि कुणीही वाचत नाही.

दोन दिवसांनी आमचा सीनिअर टेक्निशियन दार न वाजवता आत आला. हा मुलगा मिरजेचा, अतिशय शांत, पिपेट हातात असताना फोन वाजला तर मान वळवत नाही. त्याने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. या चाचणीचा निकाल ग्राफवर ठिपक्यांनी दिसतो. दोन रंगद्रव्यं असतात, एक टी ओळखतं, एक सी. नुसता टी असणारे ठिपके एका कोपऱ्यात, नुसता सी असणारे दुसऱ्या, दोन्ही असणारे मधे. मुलीचा ठिपका एकतर मधे हवा, नाहीतर सीच्या कोपऱ्यात. तो टीच्या कोपऱ्यात बसला होता, अगदी आत. ई३/ई३.

“कंट्रोल?” मी विचारलं.

“सगळे बरोबर. पाणीपण साफ आहे.”

कंट्रोल म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने. पाणी म्हणजे ज्या वेलमध्ये, प्लेटवरच्या बारीक खड्ड्यात, मुद्दाम कुणाचाच डीएनए घालत नाहीत ती. तिथे काही उगवलं तर सगळी प्लेट रद्द. काही उगवलं नव्हतं.

इथून पुढचा दिवस मी माझ्या कामाच्या अभिमानाने सांगू शकते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली शक्यता, ट्यूब बदलली. मुलीची किंवा वडिलांची. मुलीची बदलली असेल तर फार बिघडत नाही, परत करू. वडिलांची बदलली असेल तर एका माणसाचं औषध आमच्या चुकीने रद्द झालं. दुसरी शक्यता अधिक खोडकर. वडील खरे ई३/ई४ असतील, पण त्यांच्या ई३ वाल्या प्रतीवर, आमचा प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) जिथे चिकटतो नेमक्या त्या जागी, एखादा दुर्मीळ बदल असेल. मग प्रायमर तिथे चिकटतच नाही, ती प्रत वाढतच नाही, आणि यंत्राला फक्त ई४ दिसतं. माणूस दोन वेगळ्या प्रतींचा, रिपोर्टवर एकाच प्रतीची जोडी. याला आम्ही ॲलील ड्रॉपआउट म्हणतो. तसं असेल तर मुलीला वडिलांकडून ई३ मिळणं अगदी रास्त, आणि वडिलांचा धोका ३२.६ च्या रांगेतून १०.९ च्या रांगेत. तिसरी शक्यता आमच्यापैकी कुणी बोललं नाही.

शेजारच्याच खोलीत एसटीआरचं, म्हणजे डीएनए कुणाचा ते ओळखायचं, किट पडलेलं असतं. बोन मॅरो बदललेल्या रुग्णांत दात्याच्या पेशी किती टिकल्या हे पाहायला ते वापरतात. टेक्निशियनने तिकडे नुसतं पाहिलं. वडील-मुलीचे दोन्ही डीएनए त्यावर टाकले असते तर संध्याकाळपर्यंत सगळ्याचा निकाल लागला असता. पण त्याला पितृत्व चाचणी म्हणतात, आणि ती करायला आम्हाला कुणीही सांगितलेलं नव्हतं. मी त्याला सांगितलं, प्रत्येकाचं ताजं रक्त मागवायचं आणि प्रत्येकाची तुलना फक्त त्याच्या स्वतःच्या जुन्या नमुन्याशी करायची. एकाची दुसऱ्याशी नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही. त्याने मान हलवली. तो काय समजायचं ते समजला होता.

मी न्यूरोलॉजिस्टना फोन करून वडिलांच्या निकालाची दुसऱ्या पद्धतीने खात्री करायची आहे असं सांगितलं. त्यांनी ‘का’ विचारलं नाही. चांगले डॉक्टर असं विचारत नाहीत किंवा घाईत असतात. यांचं काय ते मला कळलं नाही. नमुने या वेळी माझ्यासमोर घेतले गेले. कलेक्शन सेंटरवरच्या पोरांना आम्ही महिन्याला किती पगार देतो आणि त्यांच्याकडून किती बारकोड बिनचूक चिकटवण्याची अपेक्षा करतो, यावर मी कधीतरी वेगळं लिहीन.

मग सँगर सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनए अक्षर-अक्षर वाचणं. जुनी पद्धत, सावकाश, महाग, आणि माझी लाडकी. नवे प्रायमर, आधीच्या जागेपासून बरेच दूर, म्हणजे तो काल्पनिक बदल असलाच तरी यांना आडवा येणार नाही. एपीओईचा हा भाग जी आणि सी या अक्षरांनी गच्च भरलेला आहे. डीएनएचे दोन धागे सहज सुटे होत नाहीत, त्यात थोडं डीएमएसओ घालावं लागतं, तापमान वर न्यावं लागतं. पहिला रन वाया गेला. दुसऱ्यात शिखरं अशी स्वच्छ आली की मी प्रिंट काढून भिंतीवर लावली असती, ती कुणाची आहेत हे माहीत नसतं तर. वडिलांच्या ११२ व्या जागी एकच निळं शिखर, सी. लाल टीचा मागमूस नाही.

एवढ्यावर मी थांबले नाही, कारण नव्या प्रायमरचीही एक प्रत निसटू शकते. मी त्याच तुकड्यात पुढेमागे शोधलं. काही अंतरावर एका निरुपद्रवी जागी दोन शिखरं एकावर एक बसलेली सापडली, निम्म्या-निम्म्या उंचीची. म्हणजे वडिलांच्या दोन्ही प्रती ट्यूबमध्ये हजर होत्या, दोन्ही वाचल्या गेल्या होत्या, आणि दोन्ही ई४ होत्या. ड्रॉपआउट नाही. अशी एक जागा सापडणं हे नशीब असतं, पण ती शोधायचं सुचणं हे नशीब नसतं.

मुलगी: जुना नमुना ई३/ई३, ताजा नमुना ई३/ई३, सँगरवर ई३/ई३.

कागदावर अजून एक-दोन शक्यता उरतात. एपीओई ज्यावर असतं त्या १९ व्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती मुलीला आईकडूनच मिळाल्या असतील. पाठ्यपुस्तकात असतं असं. मी तासभर त्या पाठ्यपुस्तकाला धरून बसले होते.

संध्याकाळी डायरेक्टर सरांकडे गेले. सर पॅथॉलॉजीतले जुने जाणते. स्लाइड पाहून ते जे सांगतात ते नंतर खरं ठरतं. पण जेनेटिक्स त्यांच्या पिढीला नंतर चिकटलेलं. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “सॅम्पल एरर म्हणून टाकू. पैसे परत देऊ. कशाला कुणाच्या घरात आग लावायची?”

हे ऐकायला वाईट वाटतं तितकं वाईट नव्हतं. त्यांना खरंच त्या घराची काळजी होती. मी विचारलं, एरर कुणाचा? वडिलांचा म्हणालो तर मुलगा उद्या तिकिटं काढेल आणि ज्याला ते देऊ नये असं युरोप म्हणतं त्या माणसाच्या शिरेत ते औषध जाईल. मुलीचा म्हणालो तर तिला दुसरा रिपोर्ट द्यावा लागेल, आणि तो खोटा छापावा लागेल. मग ती उरलेलं आयुष्य नसलेल्या ई४ ला घाबरत कुकरच्या शिट्ट्या मोजेल. सर म्हणाले, मग मुलीचा देऊच नका, तांत्रिक कारण सांगा.

इथे मला जेम्स वॉटसन आठवले. डीएनएची रचना उलगडणाऱ्या जोडीतले एक. २००७ मध्ये त्यांचा पूर्ण जीनोम वाचून सगळ्यांसाठी खुला केला गेला, फक्त एक जागा त्यांनी झाकायला लावली: एपीओई. त्यांच्या आजीला अल्झायमर होता आणि त्यांना जाणून घ्यायचं नव्हतं. पुढे २००९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की नुसतं जनुक झाकून भागत नाही. आजूबाजूची अक्षरं त्याच्याबरोबरच वारशाने येतात, त्यावरून झाकलेलं ओळखता येतं. ज्या मुलीने टीप वाचून गणित मांडलं, तिला आम्ही ‘तांत्रिक कारण’ सांगणार आणि ती गप्प बसणार?

सर गप्प झाले. मग म्हणाले, “तुझं नाव टाकून पाठव.” हा त्यांचा होकार असतो.

काउन्सेलरने मुलीला एकटीला बोलावलं. आम्ही आधी ठरवलं होतं: ती जे विचारेल त्याचं खरं उत्तर, जे विचारणार नाही ते आपण होऊन नाही. मी कोपऱ्यात बसले. काउन्सेलरने निकाल सांगितला. ई३/ई३, सर्वसाधारण लोकसंख्येइतकाच धोका. वैद्यकीयदृष्ट्या यापेक्षा चांगली बातमी या चाचणीत क्वचितच मिळते.

तिने रिपोर्ट वाचला. मग टीप वाचली. हिच्या रिपोर्टला ती टीप लागू नसते, पण तिने कागद उलटून पाहिला.

“माझा बरोबर आहे ना?”

“हो. दोन वेगळ्या नमुन्यांवर, दोन पद्धतींनी.”

मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होते. उत्तर माझ्या तोंडाशी होतं आणि ते द्यायचा मला अधिकार होता की नाही हे आजही मला नीट सांगता येणार नाही. वडिलांचा रिपोर्ट तिने स्वतः आमच्यापुढे ठेवला होता, पण तो होता वडिलांचा. तिने विचारलंच नाही. पार्किंगची पावती कुठे स्टॅम्प करून मिळते एवढं विचारलं आणि गेली. काउन्सेलर म्हणाली, तिला कळलंय. मी म्हटलं, नसेल. आम्ही त्यावर भांडलो. काउन्सेलरचं म्हणणं असं की आपण रक्त परत मागवलं तिथेच तिला कळलं होतं.

दोन्ही रिपोर्ट अर्थातच मुलाकडे पोचले. त्याची ईमेल आली, लांब, मुद्देसूद, इंजिनिअरची. दोनपैकी एक रिपोर्ट चूक आहे, गणिती अशक्यता आहे, कुठला ते चोवीस तासांत सांगा, अन्यथा ग्राहक मंच. खाली त्याने आणखी विचारलं होतं की बाबांसाठी दुसरं काही आहे का. त्या भागाला उत्तर द्यायला मला बरं वाटलं असतं. दोन ई४ वाल्यांसाठी वेगळं काहीतरी शोधायचे प्रयत्न चालू आहेतच. त्यांच्या मेंदूत विषाणूच्या वाहकातून ई२ जनुक पोचवायची जीन थेरपी सुरुवातीच्या चाचणीत तपासली गेली आहे. खास याच गटावर तपासलेली एक गोळी मोठ्या चाचणीत मुख्य कसोटीवर उतरली नाही. पण हे सांगणं न्यूरोलॉजिस्टचं काम. मी लिहिलं: दोन्ही निकालांची ताज्या नमुन्यांवर स्वतंत्र पद्धतीने खात्री केली आहे, दोन्हींत बदल नाही, आणि एका व्यक्तीच्या निकालाविषयी दुसऱ्या व्यक्तीशी चर्चा करता येत नाही. कस्टमर केअरला हे उत्तर ‘उद्धट’ वाटलं. त्याच्याकडून पुन्हा काही आलं नाही. ग्राहक मंचाकडूनही नाही.

फोन आला तो आईचा. लँडलाइनवर, थेट माझ्या नावाने.

“यांचा बरोबर आहे?”

“हो काकू.”

“आणि तिचाही?”

मी म्हटलं, तिचा रिपोर्ट मी तुम्हाला सांगू शकत नाही.

“तिनेच दाखवलाय. बरोबर आहे का, तेवढं सांगा.”

मी म्हटलं, आमच्याकडून बाहेर गेलेला कुठलाही रिपोर्ट चुकलेला नाही.

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मागे कुकर नव्हता, टीव्ही चालू होता, कुठलीतरी मालिका. मग त्यांनी विचारलं की इंजेक्शन रद्द केलं ते योग्यच केलं ना, आणि मी म्हटलं की मी डॉक्टर नाही, पण मी असते तर हेच केलं असतं. त्या म्हणाल्या, “बरं.” आणि मग, रागाने नाही, भाजीवाल्याशी हिशेब तपासावा तशा आवाजात: “पण मॅडम, हे तुम्हाला विचारलं कुणी होतं?”

मला उत्तर देता आलं नाही, आणि त्यांनाही ते नको होतं. मुलीने विचारलं होतं एक, तिला मिळालं दुसरं. दत्तक असेल. काही वेगळं असेल. मला माहीत नाही आणि कळायचं कारण नाही. ज्या एका अक्षरामुळे एका माणसाचं औषध ठरलं, तेच अक्षर त्या घरात आणखी काय काय ठरवत असेल याचा विचार मी रात्री गाडी चालवताना करते, हे खरं आहे. टेक्निशियनने त्यानंतर या केसचा एकदाही उल्लेख केलेला नाही. त्याच्यापुरतं ते प्लेटवरच्या दोन वेलएवढं राहिलं असेल, किंवा तो माझ्यापेक्षा शहाणा असेल.

वडिलांच्या रिपोर्टखालची ती टीप काढून टाकावी का, यावर माझं आणि काउन्सेलरचं अजून एकमत झालेलं नाही. ती म्हणते, कुणी मागितलेलं नसताना मुलांबद्दल का बोलायचं? मला वाटतं, टीप काढली म्हणून गणित बदलत नाही, फक्त ते माणसाला एकट्याने, रात्री, मोबाइलवर सापडतं. सध्या टीप आहे. संमतिपत्रातली ती खालून तिसरी ओळ मात्र मी वर आणली, मराठीत, ठळक अक्षरांत, आणि तिच्यासमोर वेगळी सही ठेवली: ‘या चाचणीतून तुमच्या कुटुंबातील रक्ताच्या नात्यांविषयी तुम्ही न विचारलेली माहिती कळू शकते.’

फॉर्म मंजुरीला गेला त्याच आठवड्यात मार्केटिंगकडून एका जाहिरातीचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला. पांढऱ्या केसांचे आजोबा, नातवंडं, मागे सूर्यफुलं. ‘बाबांची टेस्ट केलीत? आता संपूर्ण कुटुंबाची करा. चार जणांच्या पॅकेजवर खास सवलत.’ खाली एपीओई. मी लाल पेनाने लिहिलं की निरोगी कुटुंबीयांना ही चाचणी पॅकेजमध्ये विकता येणार नाही, आणि विकायचीच असेल तर प्रत्येकाचं काउन्सेलिंग वेगळं, रिपोर्ट वेगळा, आणि एकाच ईमेलवर चार रिपोर्ट कधीही नाहीत. उत्तर आलं की पॅकेजबद्दल बघू, पण फॉर्ममधली ती ठळक ओळ ग्राहकांना घाबरवते, ती निदान दुसऱ्या पानावर नेता येईल का?

मी नाही म्हणून कळवलं आहे. फॉर्म अजून सरांच्या टेबलावर आहे.